शनिवारचा दुसरा मेसेज

मिल्या,

आज सकाळी सात दहाला चाचणीकर काका पहिल्यांदा आजारी पडले. मीच पाडलं त्यांना. ज्या कामावरून दोन वर्षं तुझ्याशी भांडले, ते शेवटी एकटीने उरकलं. रडू वगैरे काही आलं नाही, नुसता संताप येत होता. तुला जाऊन सव्वा महिना होत आला. अजूनही ऑफिसात लोक माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात, लिफ्टमध्ये पाठीवर हात ठेवतात. त्यांना वाटतं मी दुःखात आहे. आहेच. पण सकाळी दात घासताना, कुकरची शिट्टी मोजताना, वागळे इस्टेटच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघताना जे उफाळून येतं तो राग असतो. तो कुणाला सांगायची सोय नाही. मेलेल्या माणसावर चिडायचं नसतं म्हणे.

शोकसभेत सर म्हणाले, "मिलिंद कायम हसतमुख असायचा." मी मान खाली घालून ऐकत होते. तू आणि हसतमुख! सर्व्हर बंद पडला की दोन-दोन दिवस तुझं तोंड सुजलेलं असायचं. माझ्या डब्यातली भाजी न विचारता उचलायचास आणि मीठ कमी आहे म्हणून मलाच ऐकवायचास. सरांना यातलं काय माहीत असणार? सात वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीवर मी बसले. तू कोड लिहायचास, मी त्यातल्या चुका काढायचे आणि दोघांचा पगार त्याच भांडणावर चालायचा.

त्या चाचणीकरांचा जन्म आठवतोय तुला? आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कल्याणच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमधून तक्रार आली होती. एक आजोबा तीन दिवस रोज दोन जिने चढून रिपोर्ट मागायला येत होते. रिपोर्ट आपल्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी तयार होता, पण तयार झाल्याचा मेसेज त्यांना गेलाच नव्हता, कारण नोंदणी करणाऱ्याने नंबरच्या आधी शून्य लावलं होतं. मी सॉफ्टवेअरच्या टेस्टचे निकाल काढून बसले. नोंदणीची टेस्ट पास, मशीनवरून आकडे येतात ती पास, रिपोर्ट बनतो ती पास, मेसेज जातो ती पास. सगळं हिरवंगार. तू माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणालास, "सगळे तुकडे पास आणि म्हातारा जिन्यावर. ह्याला काय अर्थ आहे, शुभदा?"

त्या दिवसापासून तुला एकच वेड लागलं. टेस्ट करायची तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेशंट लॅबच्या दारात आल्यापासून रिपोर्ट त्याच्या हातात पडेपर्यंत. सरांनी विचारलं, किती दिवस लागतील? तू म्हणालास, आठवडा. दोन महिने लागले. रोज सकाळी आपली सगळी यंत्रणा कोरी उभी करायची, रिकामा डेटाबेस, नवा सर्व्हर, रक्त तपासणाऱ्या मशीनच्या जागी आकडे फेकणारं एक खोटं मशीन. आणि त्या कोऱ्या लॅबमध्ये एक पेशंट पाठवायचा. गणपत रामचंद्र चाचणीकर, वय बावन्न, राहणार टिटवाळा. नाव तू ठेवलंस. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू मात्र गंभीरपणे त्यांचा रक्तगट भरत होतास.

पहिले कित्येक दिवस काका एक दिवस पास तर दुसऱ्या दिवशी नापास. कालचे काका डेटाबेसमधून पुसायचे राहून जायचे आणि आजच्या काकांना सर्व्हर म्हणायचा, हा माणूस आधीच आहे. मेसेज यायला उशीर झाला की टेस्ट हात वर करायची. तू सरळ "तीस सेकंद थांब" असं लिहून मोकळा झालास. मी ओरडले होते, "डोळे मिटून तीस सेकंद थांबायचं नसतं रे, आला का, आला का असं विचारत राहायचं!" तू ऐकलंस. ते एक ऐकलंस.

मग ते टोकाचं भांडण. मी म्हणत होते, मेसेजवाल्या कंपनीच्या सर्व्हरने "पाठवला" असं उत्तर दिलं की आपलं टोक संपलं. तू टेबलावर हात आपटलास. "पाठवला म्हणजे पोचला नाही. कुणाच्या तरी खिशात फोन वाजला पाहिजे." त्यासाठी खरा फोन हवा, खरा नंबर हवा. कंपनीचं सिम घ्यायचं तर अर्ज, सरांची सही, ॲडमिनच्या खेपा. पुढच्याच आठवड्यात सगळ्या लॅबवाल्यांना आपल्याला ते दाखवायचं होतं. माझ्या डोक्याला ताप नको होता. मी म्हणाले, "तुझाच नंबर टाक ना सध्यापुरता."

हे वाक्य माझं. ते मी कुणावर ढकलणार नाही. सध्यापुरता ते दोन वर्षं चाललं. सिमचा अर्ज मी भरला होता, तो माझ्या खणात कॅन्टीनच्या कुपनांखाली सापडला मला परवा.

मग रोज सकाळी सात दहाला टिटवाळ्याला तुझा फोन वाजायला लागला. "आपला रिपोर्ट तयार आहे." फोनमध्ये तू टाकलेला छोटा प्रोग्रॅम मेसेज आल्याचं सर्व्हरला कळवायचा आणि टेस्ट पास व्हायची. तुला काही करायचंच नसायचं. तू फक्त ग्रुपवर लिहायचास, "काका ठणठणीत." इकडे डोंबिवलीत मी गॅसजवळ उभी राहून ते वाचायचे आणि माझा दिवस सुरू व्हायचा. पुढे पुढे तू मेसेज बघायचाही बंद झालास. फोन वाजला की काका ठणठणीत. एकदा मी विचारलंही होतं, "उघडून बघतोस की नुसता आवाज ऐकून लिहितोस?" तू म्हणालास, "अगं, बावन्न वर्षांचा ठोंब्या आहे तो, त्याला काय होणार आहे?"

काय होणार आहे! माझं तेच तर म्हणणं होतं. काकांना एकदा तरी काहीतरी होऊ दे. रोज हिमोग्लोबिन चौदा, रोज पोटॅशियम चार, रोज सगळं नॉर्मल. अशा धडधाकट माणसाला रोज तपासून तुला काय कळतंय? एखाद्या दिवशी त्यांना आजारी पाड, बघू तरी आपली यंत्रणा आजारी माणसाशी कशी वागते. किती वेळा सांगितलं असेल मी? प्रत्येक मीटिंगमध्ये. तू दर वेळी तेच म्हणायचास, "राहू दे गं, भला माणूस आहे. पुढच्या महिन्यात करू." एकदा तर तू मलाच म्हणालास, "तुला लोकांना आजारी पाडायची फार हौस, मॅडम." सगळे हसले. मी पण हसले.

तेव्हा पाडलं असतंस तर आपल्याला एक गोष्ट दिसली असती, जी आता मला झोपेतही दिसते. आकडा कितीही भयंकर असला तरी आपला मेसेज तोच जायचा. "आपला रिपोर्ट तयार आहे." सर्दी असो की मरण, शब्द तेच. पोटॅशियम किती वर गेलं की धोका, ती मर्यादा कोडमध्ये तूच लिहिली होतीस, डॉक्टरांना चार-चार वेळा विचारून. रिपोर्टवर तो आकडा लाल व्हायचा. पण लाल दिसायला आधी रिपोर्ट उघडावा लागतो, मिल्या.

तुझे पाय सुजले होते. मला दिसलं होतं. बुटाच्या नाड्या मोकळ्या सोडून तू फिरत होतास आणि मी विचारलं, "काय रे, बूट पोराचे घातलेस का?" तू हसलास. थकायचासही लवकर. मला वाटलं, प्रवासाने. शुक्रवारी संध्याकाळी तू मानपाड्याच्या लॅबमध्ये बारकोडचा प्रिंटर बघायला गेलास. तिथली ती अश्विनी, रक्त घेणारी, तिने तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि तुला खुर्चीत बसवून रक्त काढलं. तू नको नको म्हणत होतास, तिने ऐकलं नाही. हे तिनेच मला सांगितलं, फोनवर रडत. तिच्या लॅबमध्ये आपलंच सॉफ्टवेअर. तुझं नाव तिने आपल्याच सिस्टिममध्ये भरलं, तुझा तोच नंबर टाकला.

शनिवारी सकाळी सात दहाला तुझा फोन वाजला. सात बाराला परत वाजला. सात तेराला तू ग्रुपवर लिहिलंस, "काका आज दोनदा ठणठणीत. मेसेज डबल जातोय, सोमवारी बघतो."

आणि मी काय केलं? मी सिस्टिममध्ये दुरुस्तीचं तिकीट टाकलं. माझ्या हाताने, डावीकडे चहाचा कप, उजवीकडे लॅपटॉप. "मेसेज दोनदा जातो. जबाबदारी: मिलिंद." प्राधान्य काय ठेवलं तेही लक्षात आहे माझ्या. साधारण.

साडेनऊला अश्विनीने तुला फोन केला. तू कापलास. लॅबचा नंबर दिसला की तुझ्या लेखी ती तक्रारच. प्रिंटर परत अडकला असेल, असं वाटलं असणार तुला. तिला तू मेसेज टाकलास, "सोमवारी येतो." तिने अकराला परत केला, तू परत कापलास. मग तिची ड्युटी संपली. तिच्यावर चिडायचा मी फार प्रयत्न केला, पण नाही जमलं. तिने जेवढं केलं तेवढंही आपण दोघांनी केलं नाही.

रविवारी दुपारी जेवून उठताना तू पडलास. कल्याणला नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, किडन्या कधीपासून हळूहळू काम सोडत होत्या, पोटॅशियम चढलं आणि हृदय थांबलं. शनिवारी आला असता तर बहुतेक वाचला असता, असंही म्हणाले. डॉक्टरांनी ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

पुण्यानुमोदनाला मी आणि ऑफिसातले सगळे टिटवाळ्याला आलो होतो. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, तुझ्या विठ्ठलवाडीच्या जुन्या चाळीतली सगळी माणसं. वंदना संपल्यावर तुझ्या आईने मला जवळ बोलावलं. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई, आवाज अजून खणखणीत.

"अगं शुभदा, ते चाचणीकर नाही आले? त्यांना कळवलं की नाही कुणी?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"रोज सकाळी निघताना सांगायचा बघ मला. आई, काका बरे आहेत, निघतो. इथंच राहतात म्हणे टिटवाळ्यात. कधी घरी नाही आणलं त्यांना. मी म्हणायचे, एकटा माणूस आहे, जेवायला बोलव."

दोन वर्षं! दोन वर्षं तू आईला सांगितलं नाहीस की हा माणूस अस्तित्वातच नाही. मला माहिताय, आधी गंमत म्हणून गप्प बसला असशील आणि मग सांगायचं राहून गेलं असेल. तुझं सगळंच राहून जायचं. आता तुझ्या फोटोसमोर मी त्यांना काय सांगणार होते? "कळवते, आई," म्हणाले आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.

आत तुझ्या बायकोने, प्रज्ञाने, तुझा फोन माझ्या हातात ठेवला. "ताई, ऑफिसचं काही असेल तर काढून घ्या यातलं." मी मेसेज उघडले. एकाखाली एक, एकाखाली एक, आपला रिपोर्ट तयार आहे, आपला रिपोर्ट तयार आहे. मी शनिवारवर आले तेव्हा मला तो डबल मेसेज बघायचा होता. अजूनही माझ्या डोक्यात ते तिकीटच होतं, तू गेल्यावरसुद्धा! पहिला उघडला. नाव, गणपत चाचणीकर. दुसरा उघडला. नाव, तुझं. लिंक दाबली. पोटॅशियम सात पूर्णांक एक, लाल अक्षरात. त्या रिपोर्टवर सर्व्हरची नोंद असते, किती वेळा पाहिला त्याची. माझं पाहणं पहिलं होतं.

प्रज्ञाला मी तिथेच सांगितलं. लपवलं असतं तर तिच्यासमोर परत उभी राहू शकले नसते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण त्याचाच नंबर का होता?"

"मी सांगितलं होतं टाकायला."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. शेवटची घडी घालून म्हणाली, "चहा ठेवते." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ते टेस्टचे मेसेज बंद करते म्हटल्यावर मात्र तिने मान वर केली. "नको. आई रोज सात दहाला फोन घेऊन बसतात. काका बरे आहेत म्हणतात आणि मग चहा घेतात. एवढं राहू द्या."

म्हणून राहू दिलं.

सरांकडे मी दुसऱ्याच दिवशी गेले. धोक्याच्या रिपोर्टला वेगळा मेसेज पाहिजे म्हटलं. ते म्हणाले, "लॅबवाले अशा वेळी फोन करतातच ना." मी म्हणाले, "केला होता, सर. त्याने कापला." मेसेज बदलायला दीड दिवस लागला. दीड दिवस, मिल्या! आणि आपलं टोकही मी पुढे नेलं. फोन वाजला म्हणून टेस्ट आता पास होत नाही. कुणीतरी रिपोर्ट उघडेपर्यंत ती लटकून राहते. तू टेबल आपटून जे टोक ठरवलंस तेही अपुरं होतं आणि माझं तर त्याच्याही अलीकडे होतं. आपण दोघंही चुकीचं भांडत होतो.

आजारी काकांसाठी मी नवं सिम आणलं. एका दिवसात मिळालं, एका सहीत. तुझ्या फोनवर नेहमीचे धडधाकट काका जाऊ देत आणि आजारी काका माझ्या टेबलावरच्या फोनवर येऊ देत, असा माझा बेत होता. कोड उघडला तर तुझा नंबर दोन ठिकाणी. दोन्हीकडे आजारी काकांसाठी नवा टाकला. पोटॅशियमच्या जागी तुझाच आकडा लिहिला, सात पूर्णांक एक. आज मुद्दाम पहाटे घर सोडलं आणि सातच्या आधी ऑफिसात येऊन बसले.

सात दहा झाले. टेबलावरचा फोन गप्प. सात अकरा. पडद्यावर टेस्ट लटकलेली. सात पंधरा. मी परत कोड उघडला आणि तिसरी जागा सापडली. एकच नंबर तीन ठिकाणी लिहून ठेवला होतास तू! नव्या पोरांना शिकवायचास ना, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची म्हणून? शिव्या घातल्या मी तुला, मोठ्याने. तेवढ्यात पडद्यावर टेस्ट हिरवी झाली. रिपोर्ट कुणीतरी उघडला होता, आणि तो मी उघडला नव्हता.

माझा फोन वाजला. तुझं नाव झळकलं स्क्रीनवर. मी उचलला.

"शुभदा, अगं मी बोलतेय, मिलिंदची आई. चाचणीकरांचा मेसेज आलाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा म्हणून लिहिलंय त्यात. निघाल्यावर उघडून बघितला तर लाल आकडा आहे गं! त्यांचा पत्ता सांग मला. मी रिक्षात बसलेय."

"आई, तुम्ही..."

"एकटा माणूस आहे, बघितला नसेल त्यांनी फोन. रिक्षावाल्याला मी म्हटलं, गणपती मंदिराकडे घे, तिकडं विचारू कुणाला तरी. तू पत्ता सांग फक्त."

मागून रिक्षाचा आवाज येत होता, हॉर्न येत होते. मला खरं सांगायचं होतं. तू दोन वर्षं जे सांगितलं नाहीस ते एका वाक्यात सांगता आलं असतं. माझ्याच्याने झालं नाही.

"आई, ते गेले दवाखान्यात."

"गेले? कधी?"

"आत्ताच. मेसेज आला तसे लगेच गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात."

मग त्यांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला.

"बरं झालं बाई. शहाणा माणूस आहे. मग फिरवू म्हणतेस रिक्षा?"

"फिरवा, आई. चहा घ्या घरी जाऊन."

त्या कधीच न जन्मलेल्या माणसासाठी तुझी आई पाच मिनिटांत घराबाहेर पडली, मिल्या. गुडघे दुखतात तिचे, तरी जिना उतरून गेली ती. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेय. तुझं ते तिकीट अजून तुझ्याच नावावर उघडं आहे. सगळ्या चुका मोजून झाल्या, माझ्या माझ्या पदरात घेतल्या, तरी एकच प्रश्न सुटत नाही आणि तो मी तुला रोज विचारणार आहे.

तुला तो मेसेज उघडायला काय झालं होतं रे?